जुन्या नाटक-सिनेमांच्या जाहिरातींतील अक्षरे आणि आजचे ‘रेट्रो’ पोस्टर : एक रसग्रहण

१. या टिपणात काय आहे

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याची अक्षरांशी औपचारिक ओळख पहिल्या सत्रात, इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या तासाला होते. एकाच जाडीची रोमन अक्षरे, ठरलेली उंची, ठरलेले अंतर. ती गिरवून झाली की हा विषय संपतो. पुढची चार वर्षे अक्षर म्हणजे संगणकाच्या यादीतून निवडायचा फाँट. पण याच चार वर्षांत विद्यार्थी महोत्सवाची, परिषदेची, नाटकाची, रक्तदान शिबिराची डझनावारी पोस्टरे करतात. गेल्या काही वर्षांत त्या पोस्टरांवर एक ठरावीक चेहरा दिसू लागला आहे : जुन्या सिनेमाच्या पोस्टरसारखी जाड अक्षरे, त्यांना लाल-काळी सावली, मागे पिवळट पडलेला कागद.

जुन्याकडे वळून पाहण्याची ही हौस चांगली आहे. मात्र आपण जुन्यातले नेमके काय उचलतो आहोत, हे तपासायला हवे. या टिपणात मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिराती आणि सिनेमाची पोस्टरे यांतल्या अक्षरांचे रसग्रहण केले आहे, आणि त्याच कसोट्या आजच्या पोस्टरला लावल्या आहेत. मुख्य म्हणणे एवढेच : जुनी अक्षरे सुंदर आहेत, कारण प्रत्येक अक्षर कसल्या तरी अडचणीचे उत्तर आहे. ती अडचण न समजता नुसते उत्तर उतरवले, तर हाती फक्त नक्षी उरते.

२. पार्श्वभूमी : रंगभूमीचा पडदा ते सिनेमाचे पोस्टर

आपल्याकडे सिनेमाच्या पोस्टरची मुळे नाटकाच्या पडद्यात आहेत. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री आणि त्यांचे आतेबंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. या कामामुळे ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव झाले. बाबूराव पेंटर यांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या मूकपटाचे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत गणले जाते. कोल्हापुरातूनच पुढे प्रभात फिल्म कंपनी (१९२९) उभी राहिली, आणि जी. कांबळे यांच्यासारखे पोस्टर-चित्रकारही पुढे आले. पडदा रंगवणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसले पाहिजे. ही सवय पोस्टरात आली.

दुसरा प्रवाह छापखान्याचा. युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात सर्कस, नाटक आणि तमाशेवजा खेळांच्या जाहिरातींसाठी मोठी अक्षरे लागू लागली. शिशाचे मोठे खिळे जड पडत आणि महागही. १८२७ मध्ये अमेरिकेत डॅरियस वेल्स याने यंत्राच्या मदतीने लाकडी अक्षरे कोरायची पद्धत बसवली आणि मोठी जाहिरात स्वस्त झाली. नॅशव्हिल शहरातला हॅच शो प्रिंट हा १८७९ साली सुरू झालेला छापखाना आजही लाकडी अक्षरांनी पोस्टरे छापतो. या पोस्टरांची ओळखीची खूण म्हणजे प्रत्येक ओळ पूर्ण रुंदी भरते : लहान शब्दाला पसरट अक्षर, लांब शब्दाला चिंचोळे अक्षर.

रोमन लिपीत हे सोपे जाते. नुसती मोठी अक्षरे घेतली की ओळ म्हणजे सरळ वरची आणि सरळ खालची कड असलेला आयत होतो. आयतावर आयत रचले की पोस्टर तयार. देवनागरीत मोठी आणि छोटी अशी दोन अक्षरे नाहीत. वरची कड शिरोरेषा सांभाळते, पण तिच्यावर मात्रा, वेलांट्या, रफार बसतात आणि खाली उकार लोंबतात. त्यामुळे आयतांची ही रचना आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाही. मराठी अक्षरकाराला वेगळी वाट काढावी लागली, आणि तीच या टिपणाचा गाभा आहे.

३. चार सेंटिमीटरची अडचण

मराठी नाटकाची जाहिरात प्रामुख्याने वर्तमानपत्रात होत असे. त्या पानावर दहा-पंधरा नाटके शेजारी शेजारी असत. एका स्तंभाची रुंदी सुमारे ४ सेंटिमीटर. एवढ्याशा जागेत नाव, संस्था, नट, नाट्यगृह, वार आणि वेळ. छापखान्यात देवनागरीचे मोठ्या मापाचे खिळे मोजकेच असत, आणि ते वापरले तर सगळीच नाटके एकसारखी दिसणार. म्हणून नाटकाचे नाव हाताने काढून त्याचा ब्लॉक करायची पद्धत रूढ झाली.

ब्लॉकची तांत्रिक बाजू समजून घेणे आवश्यक आहे. अक्षरकार नाव काळ्या शाईने मोठे काढतो. कॅमेऱ्याने ते लहान करून जस्ताच्या पत्र्यावर घेतात, आणि अक्षराभोवतीचा भाग आम्लाने खाऊन टाकतात. रेषेच्या ब्लॉकमध्ये शाई लागते किंवा लागत नाही, मधला करडा रंग नाही. शिवाय वर्तमानपत्राचा कागद शाई शोषतो आणि ती थोडी पसरते. म्हणजे दोन संकटे एकदम : फार बारीक रेषा छपाईत तुटते आणि फार अरुंद पोकळी शाईने भरून जाते. या दोन मर्यादांच्या मधल्या पट्ट्यातच अक्षरकाराला हालचाल करता येते. अभियांत्रिकीच्या भाषेत हा सरळ सरळ मर्यादांखाली केलेल्या रचनेचा प्रश्न आहे.

या क्षेत्रातले सर्वांत मोठे नाव कमल शेडगे (१९३५–२०२०) यांचे. ते टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात होते, आणि साठच्या दशकापासून पुढची कित्येक दशके मराठी नाटकांची शीर्षके त्यांच्या हातून उतरली. ‘माझी अक्षरगाथा’ हे त्यांचे पुस्तक या कामाची साक्ष देते. शेडगे यांच्या अक्षरांनी मराठी वाचकाला एक सवय लावली : नाटकाचे नाव वाचण्याआधी ओळखायचे. आजच्या शब्दांत त्याला लोगो म्हणता येईल. पण उद्योगसंस्थेचा लोगो वर्षानुवर्षे ठसवला जातो, नाटकाला तितका वेळ नसतो. पहिल्या प्रयोगाच्या जाहिरातीतच त्या अक्षरांनी नाटकाची जातकुळी सांगायची असते : हे ऐतिहासिक आहे, हा फार्स आहे, हे घरातले भांडण आहे.

४. पाच शीर्षके, पाच अडचणी

आता काही परिचित नाटकांची नावे घेऊ आणि ती अक्षरकारापुढे काय प्रश्न टाकतात ते पाहू. येथे विचार शब्दाच्या घडणीचा आहे. प्रत्यक्ष जाहिराती शोधून ताडून पाहण्याचे काम स्वाध्यायात दिले आहे.

‘नटसम्राट’ (१९७०). या शब्दात शिरोरेषेच्या वर काही नाही. मात्रा नाही, वेलांटी नाही, अनुस्वार नाही. खाली उकारही नाही. शब्द एखाद्या तुळईसारखा सरळ आहे. त्यामुळे जाहिरातीची संपूर्ण उंची मूळ अक्षरांना देता येते, आणि हे भाग्य मराठी शीर्षकांना क्वचित लाभते. दोन ‘ट’ शिरोरेषेला लोंबकळणाऱ्या गोल पोटांसारखे आहेत, एक मध्ये आणि एक शेवटी. ते दोन्ही तंतोतंत सारखे काढले तर शब्द स्थिर, भारदस्त होतो. शेवटचा थोडा सैल सोडला तर शब्द कलतो. एका म्हाताऱ्या नटाच्या पडझडीचे हे नाटक आहे हे लक्षात घेतले, की या दोन ‘ट’मधले अंतर केवढे महत्त्वाचे आहे ते कळते.

‘पुरुष’. तीनच अक्षरे, म्हणून प्रत्येक अक्षर मोठे काढता येते. गंमत उकारांची आहे. ‘पु’चा उकार खाली लोंबतो, ‘रु’चा उकार मात्र ‘र’च्या अंगाला, मध्यावर चिकटतो. एकाच स्वराची दोन रूपे शेजारी शेजारी आली. ‘रु’जवळ काळेपणा साठतो, ‘पु’खाली जागा जाते. कच्चा अक्षरकार दोन्ही उकार सारखे करायला जातो आणि ‘रु’ बिघडवतो. जाणता अक्षरकार ‘पु’चा उकार आखूड, आडवा ओढतो आणि वाचलेली उंची ‘ष’च्या पोटाला देतो.

‘वस्त्रहरण’ (१९८०). पाच अक्षरांत चार मोकळी आणि एक ‘स्त्र’ दाट. शब्दाच्या दुसऱ्याच जागी काळा डाग पडायची भीती. लहान ब्लॉकमध्ये तिथली पोकळी हमखास भरणार. उपाय दोन : ‘स्त्र’ला शेजाऱ्यांपेक्षा जास्त रुंदी द्यायची, किंवा त्याच्या आतल्या रेषा बारीक करायच्या. दुसरा प्रश्न आशयाचा. शब्द महाभारतातला, गंभीर. नाटक मालवणी विनोदी, गावातल्या हौशी मंडळींच्या नाट्यप्रयोगाची फजिती. अक्षरे हसरी काढली तर विनोद दारातच सांगून टाकला. अक्षरे पौराणिक थाटाची काढून त्यात एखादीच खोच ठेवली, तर प्रेक्षक आत येऊन हसतो.

‘लेकुरे उदंड जाली’ (१९६६). आठ अक्षरांपैकी बहुतेक प्रत्येक अक्षर वर किंवा खाली काही ना काही पाठवते : ‘ले’ची मात्रा, ‘कु’चा उकार, ‘रे’ची मात्रा, ‘दं’वरचा अनुस्वार, ‘ली’ची वेलांटी. सरळ पट्टीत बसवायला गेले तर मूळ अक्षर चिमुकले होते. म्हणून पट्टीचा हट्टच सोडून द्यावा. अक्षरे वरखाली उड्या मारू लागली की मात्रा-उकारांना आपोआप जागा मिळते, आणि घरभर हुंदडणाऱ्या पोरांचा भावही येतो. तांत्रिक अडचण आणि आशय एकाच उत्तरात सुटतात, ते असे.

‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२). चार शब्द, अकरा अक्षरे. एका स्तंभात एका ओळीत बसवले तर प्रत्येक अक्षराला चार मिलिमीटरही मिळत नाहीत. ओळी पाडाव्याच लागतात, आणि कुठे पाडायच्या हा निर्णय नाटकाचा अर्थ लावतो. ‘रायगडाला’ मोठे केले तर समोर किल्ला, तोफा, इतिहासाचा थाट उभा राहतो. ‘जाग’ मोठे केले तर शिवाजी आणि संभाजी या बाप-लेकांमधला ताण पुढे येतो. टीकाकार जे दोन पाने लिहून सांगतो, ते अक्षरकार एका ओळीच्या तोडणीत सांगून जातो.

या पाच उदाहरणांतून एक कसोटी मिळते : अक्षराचे वळण त्या विशिष्ट शब्दाच्या काना-मात्रांतून निघाले आहे का? निघाले असेल तर ते वळण दुसऱ्या शब्दाला जसेच्या तसे लावता येत नाही. जे कुठल्याही शब्दाला लावता येते, ती नुसती सजावट.

५. लांबून वाचायची अक्षरे आणि सावलीचा प्रश्न

वर्तमानपत्र हातात असते, सिनेमाचे पोस्टर भिंतीवर. येथे थोडे गणित करू. डोळे तपासण्याच्या तक्त्याचा आधार असा : निरोगी डोळ्याला अक्षर जेमतेम ओळखण्यासाठी त्याची उंची डोळ्याशी ५ कला एवढा कोन करणारी हवी (६० कला म्हणजे एक अंश). म्हणजे उंची = अंतर × ०.००१४५. तीस मीटरवरून वाचायचे तर सुमारे ४.४ सेंटिमीटर. ही अगदी किमान मर्यादा झाली, चालत्या बसमधून सहज वाचायला तिच्या कितीतरी पट उंची लागते.

हे गणित तक्त्यातल्या ‘ई’ या रोमन अक्षरावर बेतलेले आहे. त्यात तीन आडव्या पट्ट्या आणि दोन पोकळ्या, असे पाचच थर असतात. आता ‘मूर्ती’ हा शब्द घ्या : रफार आणि वेलांटी, शिरोरेषा, अक्षराचे पोट, खालचा ऊकार. वर-खाली दोन्हीकडे चिन्हे असलेल्या शब्दात मूळ अक्षराच्या वाट्याला एकूण उंचीच्या साधारण निम्मी उंची येते, फाँटप्रमाणे थोडी कमी-जास्त. म्हणून रोमन आणि देवनागरी शब्द एकाच एकूण उंचीचे केले, तर लांबून देवनागरी आधी पुसट होते. दोष लिपीचा नाही, मापनपद्धतीचा आहे. हा मुद्दा पुढे पाट्यांच्या संदर्भात पुन्हा येईल.

आता ‘शोले’ (१९७५). या चित्रपटाच्या पोस्टरवरची दगडासारखी खोली दिलेली भव्य रोमन अक्षरे सर्वांच्या ओळखीची आहेत. ‘बेन हर’ (१९५९) या हॉलिवूडपटाच्या पोस्टरवरील शिलाखंडासारख्या अक्षरांशी त्यांचे नाते उघड दिसते. रोमनमध्ये सहा सुटी अक्षरे, म्हणजे सहा स्वतंत्र शिळा. प्रत्येकीला आपली बाजू, आपली सावली. देवनागरीत ‘शोले’ म्हणजे एका शिरोरेषेखाली बांधलेली दोन अक्षरे. त्याला खोली दिली की शिरोरेषा छज्जासारखी पुढे येते आणि तिची सावली थेट अक्षरांच्या पोटात पडते. जी पोकळी पाहून आपण अक्षर ओळखतो, तीच अंधारात जाते.

जुन्या पेंटरांनी यावर व्यावहारिक तोडगे काढले : शिरोरेषा मधूनमधून तोडायची किंवा अजिबात गाळायची, सावली एकाच बाजूला आणि आखूड ठेवायची, किंवा अक्षर आणि सावली यांच्यामध्ये पार्श्वभूमीच्या रंगाची एक बारीक फट सोडायची. ही फट फार बोलकी आहे. फट दिसली की समजावे, काढणाऱ्याने आधी वाचणाऱ्याचा विचार केला आहे.

बेंगळुरू परिसरात राहणाऱ्यांना येथे तुलनेची सोय आहे. कन्नड लिपीत प्रत्येक अक्षराचे ‘तलकट्टु’, म्हणजे डोक्यावरची खूण, वेगळे असते. अखंड शिरोरेषा नसते. अक्षरे गोल आणि सुटी असल्याने सावलीला पडायला मोकळी जागा मिळते. मात्र ‘ओत्तक्षर’, म्हणजे जोडाक्षरातले दुसरे व्यंजन, खाली लोंबते आणि दोन ओळींमधली जागा खाते. म्हणजे देवनागरीत सावलीची चिंता आधी, कन्नडात ओळींमधल्या अंतराची. एकाच पोस्टरवर दोन्ही लिपींना एकच ‘इफेक्ट’ लावणे म्हणजे दोन रोग्यांना एकच औषध देणे.

६. आजचे ‘रेट्रो’ : काय उचलले, काय सुटले

आजच्या ‘रेट्रो’ पोस्टरची सामग्री ठरून गेली आहे : पिवळट कागद, अक्षरांवर भेगा, जागेवरून किंचित सरकलेला रंग, ठिपक्यांचे जाळे. ही यादी नीट वाचा. यातली एकही गोष्ट जुन्या कलावंताने केलेली नाही. कागद वर्षांनी पिवळा पडतो. रंग सरकणे हा छपाईतला दोष, छापखान्यातला माणूस तो टाळण्यासाठी धडपडत असे. भेगा उन्हापावसाच्या. शेडगे यांच्या काळातल्या वाचकाने पिवळा कागद पाहिलाच नाही. त्याच्यासाठी ती त्या सकाळची ताजी जाहिरात होती. आपण जुन्या कामाची झीज उचलतो आणि कारागिरी तिथेच ठेवून येतो.

याचा अर्थ जुना काळ आठवून देणे चूक आहे, असा नाही. ‘ओम शांती ओम’ (२००७) या चित्रपटाचा पूर्वार्ध सत्तरच्या दशकातल्या सिनेसृष्टीत घडतो. त्याच्या प्रसिद्धीत त्या काळाचा थाट येणे योग्यच, कारण काळ हाच तिथे विषय आहे. पण रोबोटिक्स स्पर्धेचे पोस्टर भेगाळलेल्या अक्षरांत का असावे, याला ‘छान दिसते’ यापलीकडे उत्तर मिळत नाही.

दुसरी सुटलेली गोष्ट म्हणजे उतरंड. जुन्या जाहिरातीत पहिल्या नजरेत नाव, दुसऱ्या नजरेत नट, तिसऱ्या नजरेत वार-वेळ-नाट्यगृह, असा क्रम चुकत नसे. तिकीट विकायचे होते. आजच्या पोस्टरात नाव सुंदर असते आणि तारीख शोधावी लागते. पोस्टर मोबाइलच्या पडद्यावर पाहिले जाते, म्हणजे जागा पुन्हा काही सेंटिमीटरचीच. अडचण परत आली आहे, तिचे जुने उत्तर मात्र आपण विसरलो आहोत. नाटकाच्या जाहिरातीतून शिकण्यासारखे सर्वांत उपयुक्त काही असेल तर ते हेच.

७. फाँट आणि हाताचे अक्षर

आज प्रत्येक पोस्टरसाठी अक्षरकार मिळणार नाही, फाँटच वापरावा लागेल. सुदैवाने देवनागरीत पर्याय वाढले आहेत. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ विंडोजबरोबर घरोघरी पोहोचला. पण तो पडद्यावर लहान आकारात वाचण्यासाठी आहे. तोच ताणून मथळा करणे म्हणजे स्क्रूड्रायव्हरने खिळा ठोकणे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मोदक’ आणि ‘बालू’ हे मुक्त परवान्याचे फाँट मथळ्यांसाठीच घडवलेले आहेत. ‘बालू’ अनेक भारतीय लिपींत आहे, आणि त्याच्या कन्नड भावंडाचे नाव ‘बालू तम्मा’. ‘यात्रा वन’ हा फाँट मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरला. बाहेर पाहायचे तर ‘रक्कास’ या फाँटची अरबी अक्षरे इजिप्तच्या १९५०–६०च्या दशकांतल्या सिनेपोस्टरांवरून घेतलेली आहेत. म्हणजे जुन्या पोस्टरच्या अक्षरांपासून शिकण्याची ही धडपड एका भाषेपुरती नाही.

‘मोदक’चे उदाहरण थोडे जवळून पाहू. त्यात रेषा इतक्या फुगवल्या आहेत की अक्षरांच्या पोकळ्यांच्या जागी पांढऱ्या फटी उरतात, आणि त्या फटींवरूनच आपण अक्षर ओळखतो. जुन्या पेंटरच्या सावलीतल्या फटीचा विचार येथे थेट अक्षराच्या पोटात आला आहे. मोठ्या आकारात तो फार देखणा दिसतो. लहान आकारात वापरला तर फटी बुजतात आणि काळे गोळे उरतात. यात फाँटचा दोष नाही. त्याला त्याचे अंतर दिले नाही, हा दोष आहे.

तरीही फाँटची एक मर्यादा राहते. फाँटमधला ‘ट’ कुठेही तोच असतो. ‘नटसम्राट’मधला शेवटचा ‘ट’ कलायचा आहे, हे त्याला माहीत नसते. म्हणून विद्यार्थ्यांना एक मधला मार्ग सुचवतो : मथळा फाँटमध्ये टाइप करा, त्याचे आउटलाइनमध्ये रूपांतर करा आणि मग त्या शब्दाची अडचण शोधून तेवढीच जागा हाताने सुधारा. दाट जोडाक्षर मोकळे करा, उकार आखूड करा, दोन मात्रा आपटत असतील तर एक हलवा. वेळ अर्धा तास लागतो, आणि पोस्टर कुणाच्या तरी हातचे वाटू लागते.

८. जुन्या परंपरेवर एक आक्षेप

रसग्रहण म्हणजे आरती नव्हे. नाटकांच्या शीर्षकांनी ‘अर्थ दाखवणारे अक्षर’ लोकप्रिय केले आणि अनुकरण करणाऱ्यांनी त्याची खोड करून टाकली. भयनाट्य म्हटले की अक्षरातून रक्त ठिबकणार, प्रेमकथा म्हटली की अनुस्वाराच्या जागी बदाम येणार, इतिहास म्हटला की कान्याची तलवार होणार. येथे अक्षर विचार करत नाही, चित्राची हमाली करते.

एक साधे उदाहरण आपल्या गावाचे. ‘आनेकल’ या नावात ‘आने’ म्हणजे हत्ती आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड. हे नाव सजवायला दिले की बहुतेकांच्या कागदावर ‘आ’ला सोंड फुटते. पहिल्यांदा पाहून हसू येते, दुसऱ्यांदा काही उरत नाही. तेच नाव सोंडेशिवाय, नुसत्या वजनातून हत्तीसारखे करता येईल का? जाड पाय, संथ अंतर, जमिनीला टेकलेला तोल. देवनागरीत ‘ने’ची एक मात्रा सोडली तर शब्द सरळ आहे, म्हणजे वजन द्यायला पुष्कळ वाव. चांगल्या शीर्षकाची ही दुसरी कसोटी : त्यातला चित्राचा भाग बोटाने झाकला तरी शब्दाचा स्वभाव शिल्लक राहिला पाहिजे.

आणखी एक खंत नोंदवायला हवी. शेडगे यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. पण थिएटरांचे बॅनर रंगवणारे, दुकानांच्या आणि ट्रकच्या पाट्या लिहिणारे असंख्य पेंटर कोपऱ्यातल्या एका सहीपुरते उरले, आणि फ्लेक्स आल्यावर ती सहीही गेली. दिल्लीचे कलावंत हनीफ कुरेशी यांनी अशा पेंटरांची अक्षरे त्यांच्या नावानिशी जतन करण्याचा उपक्रम केला, त्यातून ‘पेंटर कफील’सारखे फाँट निघाले. पेंटरचे नाव फाँटला देणे हा मला या सगळ्या ‘रेट्रो’ लाटेतला सर्वांत सभ्य भाग वाटतो.

९. हे अभियंत्याने का शिकावे

आनेकल तालुका तमिळनाडूच्या सीमेला लागून आहे, आणि इलेक्ट्रॉनिक्स सिटीही याच तालुक्यात येते. येथल्या एका रस्त्यावर कन्नड, इंग्रजी, तमिळ, हिंदी अशा पाट्या दिसतात. कर्नाटकात २०२४ च्या कायदादुरुस्तीनुसार दुकानाच्या पाटीचा ६० टक्के भाग कन्नडात हवा. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनुसार पाटीवरची मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. दोन्ही नियमांमागची भावना समजण्यासारखी आहे. पण नियम क्षेत्रफळ मोजतो, उंची मोजतो. ती उंची मात्रा-उकारांसह मोजायची की शिरोरेषेपासून पायापर्यंत? पाचव्या भागातले गणित आठवा. मोजपट्टीवर समान असलेली मराठी ओळ लांबून लहानच दिसते. नियम पाळला गेला आणि पाटी वाचली गेली नाही, असे सहज घडू शकते.

उद्या रेल्वे स्थानकाचा फलक, इस्पितळाचा दिशादर्शक, बसचा डिजिटल बोर्ड आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवरचे ॲप हे सगळे आजचे विद्यार्थीच करणार आहेत. तिथे मराठी किंवा कन्नड मजकूर इंग्रजीच्या चौकटीत कोंबला, तर ज्याला इंग्रजी येत नाही तो माणूस चुकीच्या खिडकीपाशी उभा राहील. नाटकाच्या जाहिरातीतल्या चार सेंटिमीटरांनी शिकवलेला धडा तिथे कामाला येतो : लिपीच्या घडणीतून उत्तर काढा, आधी वाचणाऱ्याचे अंतर मोजा, पहिल्या नजरेत काय दिसावे ते ठरवा. जुन्या अक्षरांचा आदर करायचा तर त्यांच्या सावलीची नक्कल पुरेशी नाही. ती सावली तिथे का पडली आणि मध्ये फट का ठेवली, हे विचारता आले पाहिजे.

स्वाध्याय

१. चौथ्या भागातील कोणत्याही दोन नाटकांच्या जुन्या जाहिराती ग्रंथालयातील वर्तमानपत्रांच्या फायलींतून शोधा. अक्षरकाराने अडचण कशी सोडवली ते प्रत्येकी दहा ओळींत लिहा. या टिपणातील तर्क चुकीचा ठरत असेल तर तेही नोंदवा.

२. आपल्या गावाचे नाव ४ सेंटिमीटर रुंदीत, फक्त काळ्या शाईने, चित्राचा आधार न घेता काढा. लहान करून छापा आणि कोणती पोकळी बुजली ते पाहा.

३. आपल्या महाविद्यालयातील एक द्विभाषिक फलक निवडा. दोन्ही लिपींतील मूळ अक्षरांची उंची मोजा आणि प्रत्येक लिपी किती अंतरावरून वाचता येते ते प्रत्यक्ष चालून तपासा.

४. अलीकडचे एक ‘रेट्रो’ पोस्टर घ्या. त्यातील भेगा, पिवळा रंग आणि सावली काढून टाकली तर काय उरते? जे उरते त्याचेच रसग्रहण करा.